एकाच काट्याचे घड्याळ

निखाऱ्यावर ओवा पडला की आधी तिखट वास येतो, मग तो किंचित गोडावतो, आणि शेवटी लसणीची साले पडली की त्या गोडव्याला एक काळी किनार येते. माझ्या मुलीचे पहिले अडीच महिने मला या वासातून आठवतात. रोज आंघोळीनंतर माझ्या सासूबाई तिला दुपट्यात गुंडाळून शेगडीच्या धुरावर धरत. हा विधी करी रोडला बाविसाव्या मजल्यावर चाले. म्हणजे जिथे पूर्वी त्यांची चाळ होती त्याच जमिनीवर, फक्त बरेच वर, हवेत. छतात बसवलेले धूर ओळखणारे यंत्र पहिल्याच दिवशी किंचाळले. खालून पहारेकऱ्याचा फोन आला, "मॅडम, आपके घर में धुआँ है क्या?" दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंनी त्या यंत्राला आंघोळीची प्लास्टिकची टोपी घातली. घरात धूर झाला आहे हे ज्या एकट्याला कळत होते, त्याचे तोंड अशा रीतीने बंद झाले. मी शेजारी बसून धुराची निळसर वळणे पाहत असे आणि मला ती फार सुंदर वाटत. मी महाविद्यालयात मराठी कविता शिकवते. एखादी गोष्ट सुंदर वाटून घेण्याचा मला पगार मिळतो.

त्या वासाचे पहिले नेमके वाचन भोईवाड्यात झाले. तिथे लहान मुलांचे एक वयस्कर डॉक्टर बसत. माझ्या नवऱ्याला लहानपणी त्यांनीच तपासले होते आणि तो अजून हिंडतो-फिरतो आहे, एवढ्या पुराव्यावर सासूबाईंचा त्यांच्यावर विश्वास होता. डॉक्टर ठाकूरद्वारच्या बाजूचे, जुन्या मुंबईतल्या ख्रिस्ती घरातले. मराठी इतके नेटके बोलत की आमच्या विभागातल्या निम्म्या प्राध्यापकांनी त्यांच्याकडे शिकवणी लावावी. स्टेथोस्कोप कानाला लावण्याआधी ते मुलाच्या टाळूचा वास घेत. अत्तर विकणारा घेतो तसा, डोळे मिटून.

"ओवा," माझ्या मुलीच्या डोक्यावर वाकून ते म्हणाले. "बाळंतशेप. लसणीची सालं. आणि लाकडी कोळसा."

सासूबाई खुलल्या. "बरोब्बर ओळखलात."

"कधी देता, आजी?"

"रोज. न्हाणावल्यावर. माझ्या चार पोरांक हीच धुरी दिलंय. एकाक तरी काय झाला?"

"चौघेही आले होते माझ्याकडे," डॉक्टर म्हणाले. "खोकत."

दवाखान्याच्या दारावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात तीन ओळी लिहून लावल्या होत्या. खोकल्याचे औषध मागू नये. शेजारणीचे मत चपलांजवळ ठेवावे. विशेषणे आत आणू नयेत. पहिल्या दोन ओळींवर मी बाहेर बसून हसले होते. तिसरीचा अर्थ आत गेल्यावर कळला.

टेबलामागच्या भिंतीवर एक गोल, पांढरे घड्याळ होते. त्याला तासाचा काटा नव्हता, मिनिटाचाही नव्हता. फक्त लाल सेकंदकाटा त्या रिकाम्या तबकडीवर एकटा फिरत असे. बाकीचे दोन त्यांनी स्वतः काढून टाकले होते. कुणी वेळ विचारली तर म्हणत, "समोर कोर्ट आहे. तिथे सगळ्यांना तारीखसुद्धा सांगतात." दहाची वेळ देऊन ते साडेअकराला येत, आणि त्यांच्या घड्याळाप्रमाणे त्यांना कधीच उशीर झालेला नसे.

"कितवा दिवस?" त्यांनी मला विचारले.

"सर्दीचा तिसरा. पण काल संध्याकाळपासून तिचा श्वास जरा घायाळ वाटतोय, म्हणजे ओल्या पानांतून वारा..."

"किती?"

"काय किती?"

"मिनिटाला किती श्वास? ओली पानं मी मोजत नाही."

मी मोजलेच नव्हते. त्यांनी मुलीचे झबले छातीपर्यंत वर केले आणि आम्हा तिघांना, म्हणजे मी, नवरा आणि सासूबाईंना, टेबलाभोवती उभे केले. "पोट वर आलं की एक. पूर्ण मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणारे बँकेत जातात. लहान मुलं थांबत-पळत श्वास घेतात." लाल काटा बारावर आला तेव्हा त्यांनी बोट उचलले. विसाव्या सेकंदाला सासूबाई माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "माझो झील असाच..." आणि डॉक्टरांनी बोट खाली करून काटा पुन्हा बारावर येण्याची वाट पाहिली. दुसऱ्या खेपेला कुणी बोलले नाही. बाहेर नारळवाल्याचा कोयता पडत होता, कोर्टाच्या आवारात कुणाच्या तरी नावाचा पुकारा होत होता, आणि माझ्यासमोर साबुदाण्याच्या पापडाइतके पातळ एक पोट वर-खाली होत होते. अडीच महिने मी तिच्या पापण्यांकडे, तळव्यांकडे, कानांच्या पाळ्यांकडे पाहत आले होते. पोटाकडे कधी पाहिले नव्हते. पोट काव्यात बसत नाही.

माझे चव्वेचाळीस आले, नवऱ्याचे एक्कावन्न, सासूबाईंचा आकडा तिसाला थांबला, कारण पुढे त्यांनी हनुमानाचे नाव घ्यायला सुरुवात केली होती. डॉक्टर म्हणाले, "अठ्ठेचाळीस. तिघांनी मिळून तीन निरनिराळी मुलं मोजलीत. जमेल हळूहळू."

मग त्यांनी आदल्या दिवशीची चिठ्ठी मागितली. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक थंडगार दवाखाना आहे. तिथे आम्ही आदल्या दिवशी जाऊन आलो होतो. तिथले औषधी वाफारा देणारे यंत्र हत्तीच्या आकाराचे आहे आणि मुखवटा सोंडेच्या टोकाला आहे. चिठ्ठीवर सहा औषधे होती. डॉक्टरांनी लाल पेन्सिल काढली.

"अँटिबायोटिक. हे जिवाणूंसाठी. हिच्याकडे आलेला पाहुणा विषाणू आहे. त्याला हे लागू पडत नाही." रेघ. "खोकल्याचं सिरप. तुमच्या समाधानासाठी असेल तर तुम्ही घ्या, एकेक चमचा." रेघ. "स्टेरॉइड." रेघ, जरा जोरात. "हत्तीनं काय फरक पडला?"

"ती खूप रडली."

"हत्ती पाहून कुणीही रडेल." रेघ. पाचव्यावर त्यांनी काही न बोलताच रेघ मारली. "हे शेवटचं राहू द्या. मिठाच्या पाण्याचे थेंब आहेत. पाजण्याआधी नाकात दोन-दोन, मग नाक साफ करा. या वयात तोंडानंही श्वास घेता येतो हे मुलांना अजून नीट समजलेलं नसतं. नाक चोंदलं की यांचं जेवणही बंद आणि हवाही बंद."

"एवढंच?" नवऱ्याने विचारले. ज्या चेहऱ्याने त्याने विचारले तो चेहरा मी भाजी स्वस्त मिळाल्यावर संशयाने पाहणाऱ्यांचा पाहिला आहे.

"एवढंच नाही. गेल्या आठवड्यात हिला कुणी कुणी घेतलं?"

मी सांगितले की बारसे होते. उशिरा केले, मालवणहून माणसे यायची होती. साठ-पासष्टजण असतील. सगळ्यांनी घेतली. म्हणजे पापेही घेतले.

"त्यात शिंकणारं कोण होतं?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले. नवऱ्याची आत्या होती. तिला काही झाले नव्हते, नुसते पडसे होते; तिने स्वतःच सांगितले होते, मुलीच्या दोन्ही गालांवरून तोंड उचलताना.

"आत्याबाईंच्या नाकात ते पडसं," डॉक्टर म्हणाले. "बहुधा आर.एस.व्ही. नावाचा विषाणू, या दिवसांत त्याची फेरी असते. हिच्या छातीतल्या शेवटच्या नळ्या सुतळीच्या धाग्याएवढ्या. तिथे तो सूज आणतो, चिकटा आणतो, आणि हवा आत जाते पण बाहेर यायला रडते. त्याला ब्राँकिओलायटिस म्हणतात. त्यावर आपण वरून धूर देतो. बरीच मुलं घरीच बरी होतात. पण आज तिसरा दिवस आहे, आणि हा आजार चौथ्या-पाचव्या दिवशी खरं तोंड दाखवतो. दिवसातून सहा वेळा मोजा. साठच्या वर गेलं, दूध निम्म्यावर आलं, लंगोट कोरडे राहिले, बरगड्यांखाली खळगा पडायला लागला, तर घेऊन या. ओठ निळे झाले किंवा श्वास मध्येच थांबला, तर माझ्याकडे येण्यात वेळ घालवू नका, सरळ इस्पितळ." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही, कवयित्रीबाई, वही घ्या. उजव्या बाजूला आकडे. डावी बाजू कोरी ठेवा."

मी कविता लिहिते हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. त्यांनी बहुधा वासावरून ओळखले.

त्या दवाखान्यात एक प्रश्न कधीच ऐकू येत नसे, हे माझ्या पुढे लक्षात आले. कुठलाही डॉक्टर आत येणाऱ्याला ज्या प्रश्नाने बसवतो, तो 'कसं आहे?' त्यांच्या तोंडी नव्हता. किती, कितवा, कितीदा, कधीपासून. बस्स. घड्याळाच्या दोन काट्यांबरोबर तोही त्यांनी कधीतरी काढून ठेवला असावा, अशी माझी समजूत होती. आकड्यांच्या माणसाचा आणखी एक रुक्षपणा म्हणून मी तो त्या वहीत, अर्थातच डाव्या बाजूला, लिहून ठेवला.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मुलगी गुणगुणू लागली.

ऊन तिच्या पायांवर आले होते. ती जागी होती, डोळे अर्धवट, आणि प्रत्येक श्वासाच्या शेवटी तिच्या गळ्यातून एक लहानसा 'हं' येत होता. मऊ, घोटीव, समेवर पडणारा. दूर कुठे पारवा घुमावा तसा. मी ऐकतच राहिले. मग मी फोन काढला, तो स्वर टिपला आणि आमच्या कवितेच्या गटावर पाठवला. तीन मिनिटांत अकरा हृदये आली. एकीने लिहिले, 'आईची लेक.' एका ज्येष्ठ कवींनी लिहिले, 'आदिम लय.' मी त्या दोन शब्दांनी सुखावले. सकाळचे मोजायचे राहून गेले होते. दूध तिने दोनदा ओढून सोडले होते, पण ती गाण्यात दंग असेल असे मला वाटले.

त्या सुखाच्या भरात मी ते ध्वनिमुद्रण डॉक्टरांनाही पाठवले. खाली ओळ जोडली: 'रुक्ष माणसांसाठी.'

उत्तर लगेच आले. "किती?"

मी झबले वर केले. बरगड्यांच्या खाली, प्रत्येक श्वासाला, कुणीतरी आतून अंगठा दाबावा तसा खळगा पडत होता. नाकपुड्या फुलत होत्या. मी भिंतीवरच्या दोन काट्यांच्या, निरुपयोगी घड्याळाखाली उभी राहून फोनच्या सेकंदांवर मोजले. बाहत्तर. पुन्हा मोजले, कारण पहिला आकडा मला आवडला नाही. दुसऱ्यांदाही बाहत्तर आला. मी तो पाठवला आणि उत्तरात एकच अक्षर आले: "या."

दवाखान्यात बारा बाया बसल्या होत्या. आम्ही थेट आत गेलो. डॉक्टरांनी या वेळी टाळूचा वास घेतला नाही. तिच्या पावलाला ऑक्सिजन मोजणारी चिमटी लावली, अठ्ठ्याऐंशी. कोपऱ्यातले लहान सिलिंडर उघडले, तिच्या नाकाशी नळी धरली आणि तेव्हा माझ्याकडे पाहिले.

"ते गाणं नाही, बाई. श्वासाच्या शेवटी ती गळ्याचं दार ओढून धरते आहे. आत आलेली थोडी हवा निसटू नये, नळ्या मिटू नयेत म्हणून. दमून कण्हणं आहे ते."

माझ्या पिशवीत फोन होता आणि तो मधून मधून थरथरत होता. गटावर अजून दाद येत होती.

इस्पितळ तिथून चालत पाच मिनिटांवर आणि टॅक्सीने पंचवीस, कारण रस्ता नेहमीप्रमाणे कुठल्यातरी विकासासाठी खणलेला होता. डॉक्टरांनी सिलिंडर उचलले. "चला." बाहेरच्या बायांना म्हणाले, "मी येईपर्यंत एकमेकींच्या मुलांचे श्वास मोजा. आपलं मूल मोजताना माणूस लाड करतो." मग ते निघाले. मी मुलीला छातीशी धरून पुढे, ते सिलिंडर छातीशी धरून माझ्या बरोबरीने, आणि आम्हा दोघांच्या मध्ये ती पारदर्शक नळी. पंचाहत्तरीचा माणूस, पायात घरातल्या चपला. नवरा मागून टोपडे, दुपटे, कागद गोळा करत येत होता. हातगाड्या, खड्ड्यावरच्या फळ्या, एक थांबलेली मिरवणुकीची ढोलगाडी. डॉक्टर कुणाला बाजूला व्हा म्हणत नव्हते. ते मोठ्याने मोजत होते, तिचे पोट पाहत, आणि माणसे त्या आकड्यांना वाट देत होती.

इस्पितळात तिच्या नाकात ऑक्सिजनच्या दोन बारीक नळ्या बसल्या आणि तिसरी नळी पोटात गेली, दुधासाठी. कारण धापा टाकणाऱ्या मुलाला चोखायला फुरसत नसते. एवढेच. सासूबाई दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहून तरुण डॉक्टरीणबाईंपाशी गेल्या. "औषध कधी सुरू करतलात?"

"आजी, हेच औषध."

"ह्यो तर नुसतो वारो."

"हो. तोच तिला कमी पडतोय."

नाकातल्या स्रावाची तपासणी होऊन आली. आर.एस.व्ही.च होता. नाव कळल्याने उपचारात काहीच बदलले नाही. विषाणूचे बारसे मात्र विधिवत पूर्ण झाले.

रोज सकाळी आठला ठाकूरद्वारहून फोन येई. मी 'हॅलो' म्हणायच्या आत पलीकडून 'किती?' पाचव्या दिवशी मी चौऱ्याहत्तर सांगितले. ते म्हणाले, "पाचवा आहे. असं असतं. लंगोट किती?" मला सांत्वन हवे होते; मला लंगोटांचा हिशेब विचारला गेला. मी चिडून चार म्हणाले. "चार चांगले," ते म्हणाले आणि फोन ठेवला. त्या दिवशी मला कुणीही त्याहून चांगले काही म्हटले नव्हते, हे संध्याकाळी ध्यानात आले.

सहाव्या दिवशी मी म्हणाले, "आज शांत वाटतेय."

पलीकडून अगदी हळू: "शांत म्हणजे किती?"

"आत्ता मोजलं नाही अजून. पण छान, शांत झोपलीय."

"मोजा. मी थांबतो."

मी फोन उशीवर ठेवला आणि पूर्ण मिनिट मोजले. त्या मिनिटभर मला त्यांचाही श्वास ऐकू येत होता, जरा घरघरता, जुना. "चौपन्न," मी म्हणाले.

"पुन्हा."

"त्रेपन्न. खळगा कमी आहे. ओठ गुलाबी आहेत."

त्यांनी सोडलेला श्वास फोनमधून आला. आणि फोन बंद झाला.

दुपारी दवाखान्यातली मदतनीस, जिला सगळेच मावशी म्हणत, टोपडे परत द्यायला आली. आमच्या धावपळीत ते तिथेच राहिले होते. मी सकाळचा किस्सा जरा तिखटमीठ लावून सांगितला: तुमच्या डॉक्टरांना शांतता झेपत नाही. मावशी हसली नाही.

"शांत म्हणालात?" तिने टोपड्याच्या नाड्या सारख्या केल्या. "पूर्वी विचारायचे सगळ्यांना, कसं आहे बाळ म्हणून. फार गोड विचारायचे. एका बाईला फोनवर विचारलं. ती म्हणाली, आता शांत झोपलंय. तुमच्याच मुलीएवढं होतं, हाच आजार. बरं झालं म्हणाले, झोपू द्या. ते दमून शांत झालं होतं, ताई. दुसऱ्या दिवशी घड्याळ भिंतीवरून उतरवलं, दोन काटे काढले. त्यानंतर नाही विचारलं कुणाला."

मी वहीची डावी बाजू उघडली आणि रुक्षपणाची जी यादी केली होती तिच्यावर रेघ मारली. लाल पेन्सिल नव्हती; निळ्या शाईने मारली.

नवव्या दिवशी मुलगी घरी आली. खोकला पुढे तीन आठवडे राहिला, त्याला डॉक्टरांनी 'उशिरा निघणारा पाहुणा' म्हटले आणि काहीही दिले नाही. आम्ही घरी पोहोचलो त्या दिवशी सासूबाई स्टुलावर चढल्या आणि छतातल्या यंत्राची टोपी काढून घेऊन आत गेल्या. महिन्याने नवऱ्याची आत्या नाक पुसत आली, तेव्हा सासूबाईंनी दारातच खुर्ची टाकली. "वन्सं, थयच बसा. चेडवाक लांबसून बघा." आत्याने हा अपमान साऱ्या मालवणला कळवला आहे.

सव्वा वर्षाने त्या दवाखान्याची इमारत पाडायला निघाली. तिथेही आता आकाशात घरे होणार आहेत. डॉक्टर पुन्हा कुठे बसणार नव्हते. मी मुलीला घेऊन भेटायला गेले. दारावरच्या तीन ओळी उतरवल्या होत्या. टेबलामागच्या भिंतीवर घड्याळाच्या जागी एक स्वच्छ पांढरे वर्तुळ होते, आणि घड्याळ मावशीच्या मांडीवर, वर्तमानपत्राच्या कागदात अर्धे गुंडाळलेले, अजून टिकटिकत होते. मुलगी आत शिरली ती सरळ एका रिकाम्या खोक्यात जाऊन बसली आणि तिने औषधकंपनीचे एक कॅलेंडर फाडायला घेतले.

डॉक्टर खुर्चीतून सावकाश उठले, खोक्यापाशी वाकले आणि तिच्या टाळूचा वास घेतला.

"साबण," ते म्हणाले. "आणि बटर. चहात बुडवलेलं."

"सव्वीस," मी म्हणाले. त्यांनी विचारले नव्हते. मी निघण्यापूर्वी, ती झोपेत असताना, घरूनच मोजून आणले होते. "पूर्ण मिनिट. दोनदा."

त्यांनी हात वर केला, पुरे म्हणावे तसा. मावशीचे कागद गुंडाळणारे हात थांबले. मुलीने कॅलेंडरातला अख्खा एक महिना फाडून त्यांच्यासमोर धरला, आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. मग माझ्याकडे वळले, आणि एखादा जड ड्रॉवर बऱ्याच वर्षांनी ओढून पाहावा तशा आवाजात म्हणाले,

"कशी?"